शक्यतो

मी खोली लावतो.
देशांच्या पाट्या, पाण्याच्या सुरया, माइकचे लाल डोळे,
जिनीव्हात सव्वीस वर्षं हेच.
माझं नाव आदेलिनो. इथल्या कुठल्याच कागदात ते नाही,
असायचं कारणही नाही.
गाव पोर्तुगालच्या आतल्या बाजूला, द्राक्षांचं. मासा म्हणजे
आम्हाला खारवलेला, पाटासारखा कडक, सणाला.

सिगा दियुफ पहिल्यांदा आल्या तेव्हा
सेनेगलच्या पाटीमागे, दुसऱ्या रांगेत, भिंतीला टेकून बसल्या.
मांडीवर फाइल, फाइलवर वही.
बोलायचे पुढचे साहेब. त्या नुसती चिठ्ठी सरकवायच्या,
आणि साहेब मध्येच थांबून वाक्य बदलायचे.
पाचेक वर्षांनी साहेब निवृत्त झाले.
चिठ्ठ्या थांबल्या, वाक्यं थेट येऊ लागली.

भांडण कशाचं, ते मला फार उशिरा कळलं.
मोठी सरकारं जहाजांना डिझेलचे पैसे देतात,
जहाजं दूर जाऊन दुसऱ्याच्या दारातला मासा उचलतात.
ते थांबवायचं.
एवढंच लिहायला पानं चाळीस,
आणि ज्यावर एकमत नाही तो शब्द चौकोनी कंसात.
मादामच्या प्रतीत शब्दांपेक्षा कंसच दाट.
सात मसुदे त्या कंसातच गेले.
आठव्याची सगळे वाट पाहत होते.

एकदा त्या जुआलहून डबा घेऊन आल्या,
आईनं धुरावर वाळवलेली मासळी.
तिसऱ्या मजल्यावर वास सुटला,
सुरक्षावाला नाक धरून वर आला.
त्या म्हणाल्या, नोंद करा,
चर्चेचा विषय पहिल्यांदाच खोलीत हजर आहे.
मला एक तुकडा दिला. खारट.
काटा दोन दिवस दाढेत होता.

रात्री दहाला कॉफीचं यंत्र बंद होतं.
अकराला दुभाषे जातात, मग सगळे एकाच भाषेत थकतात.
टेबलाखाली बुटांतून सुटलेली त्यांची पावलं मी पाहिली आहेत,
सुजलेली, एकमेकींवर ठेवलेली.
वर आवाज मात्र इस्त्रीचा:
अध्यक्ष महाराज, परिच्छेद तीन.
'देश असे अनुदान शक्यतो देणार नाहीत.'
यातला 'शक्यतो' आम्हाला मान्य नाही.
समोरचे म्हणत, एकच तर शब्द आहे.
त्या म्हणत, जाळ्यालाही एकच भोक पुरतं.
हे वाक्य मी निदान नऊ वर्षं ऐकलं.
शेवटी शेवटी त्या ते पुटपुटल्यासारखं म्हणायच्या,
आणि समोरचा तरुण ओठांनी त्यांच्याबरोबर म्हणायचा.

आठव्या मसुद्याच्या रात्री, पावणेचारला,
'शक्यतो' निघाला.
टाळ्या नाहीत. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.
पानाच्या तळाशी मात्र एक टीप उगवली होती,
मुंगीएवढ्या अक्षरांची.
मादामनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून पुन्हा एकदा.
मग मान हलवली. होकार होता की दमणूक,
इतिवृत्तात होकार लिहिलाय.

जिन्यात त्या आईशी फोनवर बोलत होत्या.
तिकडे पावणेतीन, होड्यांत बर्फ भरायची वेळ.
फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या,
आई विचारते, शब्द काढलास, मग मासा येणार का?
काय सांगितलंत?
शक्यतो, असं म्हणणार होते.
तिच्या बोलीत तो शब्द मला सापडला नाही.
मग?
मग ती म्हणाली, जेवलीस का.

नऊला केळ्यांवर बैठक होती. मी पाट्या गोळा केल्या,
सुरया धुतल्या, चघळलेल्या पेन्सिली टोपलीत टाकल्या.
सेनेगलच्या पाटीवर बोटांचे तेलकट ठसे होते,
नाकाजवळ नेले तर अजून धुराचा वास.
ते राहू दिले.
एरवी पाट्यांवर मी शक्यतो
काही राहू देत नाही.